उन्हाने ओढवणारे वार्धक्य आणि एन्झाइम रोखणारे सीरम

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून देवगड तालुक्यात राहते. आमच्या बचत गटाचे आमसूल, आगळ आणि आंबापोळीचे काम असते, त्यामुळे मार्चअखेरपासून पाऊस पडेपर्यंत दिवसाचा बराचसा वेळ खळ्यात उन्हातच जातो. पुढे भातलावणी असतेच. गेल्या काही वर्षांत दोन्ही गालांवर आणि कपाळावर काळपट डाग आले आहेत, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या दिसतात आणि मानेची कातडी राठ झाली आहे. मुंबईच्या माझ्या भाचीने एका सीरमची माहिती पाठवली. उन्हामुळे त्वचेत ‘एमएमपी’ नावाची एन्झाइम्स वाढतात, ती कोलॅजन नष्ट करतात आणि हे सीरम त्या एन्झाइम्सना रोखते, असे त्यात म्हटले आहे. लहानशा बाटलीची किंमत आमच्या गटातल्या बाईच्या आठवड्याच्या मजुरीहून जास्त आहे. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्याही तेच एन्झाइम रोखतात, असेही तिने वाचले आहे, आणि चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या तापासाठी आरोग्य केंद्रातून मिळालेल्या त्या गोळ्या आमच्याकडे शिल्लक आहेत. सासूबाई म्हणतात, मुठेल (कोकमाच्या बियांचे तेल) लाव, बाकी कशाची गरज नाही. यातले काय खरे धरावे? माझी मुलगी १४ वर्षांची आहे. तिलाही आतापासून काही लावावे का?

उत्तर : ताई, भाचीने पाठवलेल्या माहितीतला पहिला भाग खरा आहे. उन्हाने त्वचेतली काही एन्झाइम्स, म्हणजे शरीरातली रासायनिक कामे घडवणारी प्रथिने, वाढतात आणि ती कोलॅजन तोडतात, हे माणसांच्या त्वचेवर तपासून सिद्ध झालेले आहे. ‘आणि म्हणून हे सीरम लावावे’ हा जो दुसरा भाग आहे, त्याला तेवढा आधार नाही, आणि पैसे मात्र त्याच भागाचे मागितले जात आहेत. म्हणून आधी आधार असलेला भाग नीट समजून घेऊ.

त्वचेच्या वरच्या पातळ थराखाली जो जाड थर असतो, त्याला बळकटी देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजन. आपल्याकडे काथ्याचे पदर एकमेकांत पिळून सुंभ वळतात, तसे कोलॅजनचे तीन धागे एकमेकांभोवती घट्ट पिळलेले असतात, आणि ही पिळणी इतकी पक्की असते की शरीरातली बहुतेक एन्झाइम्स तिला तोडू शकत नाहीत. ‘मेट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज’, म्हणजेच एमएमपी, हे या कामासाठीचे खास कुटुंब आहे. त्यातले पहिल्या क्रमांकाचे एन्झाइम या तिहेरी धाग्याला एका ठरावीक जागी छेद देते, त्यामुळे त्याचा सुमारे पाऊण आणि पाव असे दोन तुकडे होतात, पीळ सुटतो आणि मग त्याच कुटुंबातली दुसरी एन्झाइम्स त्या तुकड्यांचा भुगा करतात. हे एरवीही चालू असते आणि चालू असायलाच हवे, कारण जुने कोलॅजन काढल्याशिवाय नवे बसत नाही आणि विळ्याने बोट कापले तर ती जखमही या एन्झाइम्सच्या मदतीशिवाय नीट भरत नाही. शरीर त्यांच्यावर लगामही ठेवते. त्यांना अडवणारी ‘टिंप’ नावाची प्रथिने आपल्या ऊतींमध्येच तयार होतात. ऊन हे संतुलन बिघडवते.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या त्वचाविज्ञान विभागाने १९९६ आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनी ही साखळी उलगडून दाखवली. स्वयंसेवकांच्या उन्हाला न सरावलेल्या त्वचेवर मोजून अतिनील किरण टाकले, तेव्हा पेशींमधले ‘एपी-१’ नावाचे नियंत्रक प्रथिन लगेच जागे झाले आणि काही तासांतच एमएमपीचे प्रमाण वाढले. त्वचा लाल होण्यासाठी जेवढे किरण लागतात, त्याहून खूप कमी मात्रेनेही हे घडले. तुमच्या दृष्टीने यातले हेच सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण ‘मला ऊन लागत नाही, मी कधी भाजत नाही’ असे आपल्याकडची कष्टाची सवय असलेली माणसे म्हणतात आणि ते खरेही असते, पण न भाजणे म्हणजे आत काही न घडणे नव्हे. तुटलेले कोलॅजन शरीर पुन्हा भरून काढते, मात्र ही डागडुजी दर वेळी किंचित कच्ची राहते आणि वर्षानुवर्षे साचलेला तो कच्चेपणा पुढे सुरकुती म्हणून दिसतो. ते अभ्यास गोऱ्या कातडीच्या लोकांवर झाले होते, हेही लक्षात ठेवावे. आपल्या त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य बरेचसे किरण वरच्या थरातच अडवते, म्हणून आपल्याकडे बारीक सुरकुत्या उशिरा येतात आणि उन्हाची पहिली खूण बहुधा डागांच्या रूपाने उमटते.

तुमच्या बाबतीत उन्हाचा वाटा किती आहे, हे पाहायचे असेल तर सकाळच्या उजेडात दंडाची आतली, काखेजवळची बाजू आणि मनगटाच्या वरची बाहेरची बाजू शेजारी शेजारी धरून बघा. दोन्हींचे वय ४१ वर्षेच आहे. रंगात, पोतात आणि चिमटीत धरल्यावर कातडी मागे सरकण्याच्या वेगात जो फरक दिसेल, तो मुख्यतः उन्हाने केलेला आहे.

आता रोखण्याबद्दल. एन्झाइम रोखायचे दोन मार्ग आहेत : तयार झालेल्या एन्झाइमला निष्क्रिय करणे, किंवा ते तयारच होऊ न देणे. पहिला मार्ग ऐकायला सोपा वाटतो. एमएमपीच्या गाभ्याशी जस्ताचा अणू असतो आणि त्या जस्ताला पकडून ठेवणारा रेणू सापडला की एन्झाइमचे काम थांबते. असे रेणू तयार झालेही. त्यातला मॅरिमास्टॅट हा १९९०च्या दशकात कर्करोगासाठी रुग्णांवर तपासला गेला. त्यातून अपेक्षित फायदा झाला नाही, उलट सांधे आणि स्नायू इतके दुखू लागले की अनेकांना औषधाची मात्रा कमी करावी लागली. गरजेचे आणि घातक असे दोन्ही प्रकारचे तोडकाम एकाच कुटुंबाकडे असेल, तर सरसकट अडवण्याची किंमत मोजावी लागते, हे त्यातून कळले.

बाजारातली ‘एमएमपी-रोधक’ सीरम्स बहुतेक वेळा हिरव्या चहाचा, सोयाबीनचा किंवा एखाद्या वनस्पतीचा अर्क घेऊन येतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर यातले बरेच अर्क एमएमपी खरोखर कमी करतात, आणि जाहिरातीतला ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ हा दावा तेवढ्यापुरता खरा असतो. पण बशीतल्या पेशींना कातडीचा वरचा मृत थर नसतो. तुमच्या गालावर तो आहे, आणि बाहेरचे काही आत जाऊ न देणे हेच त्याचे काम आहे. फार मोठे किंवा पाण्यातच विरघळणारे रेणू त्यातून जेमतेम पार होतात. त्यामुळे विचारायचा प्रश्न असा की हे सीरम माणसांच्या चेहऱ्यावर काही महिने लावून, शेजारी नुसत्या साध्या मलमाची तुलना ठेवून, कोणी तपासले आहे का, आणि कशात किती फरक पडला. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला औषधासारखी परिणामकारकता सिद्ध करून दाखवावी लागत नाही, म्हणून हे उत्तर बाटलीवर सहसा सापडत नाही. ती बाटली विषारी आहे असे मी म्हणत नाही; आठवड्याच्या मजुरीच्या मोलाची ती नाही, एवढे निश्चित म्हणतो.

दुसऱ्या मार्गाचे, म्हणजे एन्झाइम तयारच होऊ न देण्याचे, एक औषध मात्र खरोखर आहे आणि ते जुने आहे. ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले मलम मुरुमांसाठी १९७०च्या दशकापासून वापरात आहे. मिशिगनच्या त्याच अभ्यासात किरण टाकण्याआधी त्वचेला ट्रेटिनॉइन लावून ठेवले होते, तेव्हा एपी-१ दबले गेले आणि एमएमपीची वाढ ७० ते ८० टक्क्यांनी कमी झाली. शरीराच्या स्वतःच्या रोधकाला, म्हणजे टिंपला, मात्र धक्का लागला नाही. काही महिने लावल्यावर नवे कोलॅजनही थोडे वाढते. उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्यांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला १९९५ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते आणि परदेशी सीरमच्या मानाने पुष्कळच स्वस्त असते.

तरीही ते उद्याच दुकानातून आणू नका. ट्रेटिनॉइन रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढेच आणि सुरुवातीला एक-दोन दिवसांआड लावायचे असते. पहिले काही आठवडे त्वचा सोलते, चुरचुरते, आणि सावळ्या त्वचेवर अशी आग झाली तर तिचाच नवा काळा डाग पडू शकतो. गर्भवती स्त्रीने किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने ते लावू नये. शिवाय दिवसा उन्हापासून संरक्षण नसेल तर रात्री ट्रेटिनॉइन लावण्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून हंगामाच्या ऐन भरात ते सुरू न करता, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून, उन्हातले काम कमी असलेल्या दिवसांत सुरू करणे बरे.

इथेच एक इशारा देतो, आणि तो सीरमच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. डागांसाठी मेडिकलच्या दुकानात विचारले की पुष्कळदा तीन औषधे एकत्र असलेली एक ट्यूब हातात ठेवली जाते : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळतो, म्हणून ती ट्यूब गल्लीभर जाते. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, थोड्या मुदतीपुरतीच वापरायची ही वस्तू महिनोन्‌महिने लावली की स्टेरॉइडमुळे कातडी पातळ होते, तांबड्या बारीक शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, आणि ती बंद केल्यावर चेहरा लाल होऊन आग आग होते. स्टेरॉइड कोलॅजनची निर्मितीही कमी करते. म्हणजे ज्या नुकसानीच्या भीतीने तुम्ही पत्र लिहिलेत, तेच नुकसान स्वतःच्या हाताने करून घेतल्यासारखे होते.

डॉक्सीसायक्लिनबद्दल भाचीने वाचले ते बरोबर आहे, आणि त्या गोळ्या घ्यायच्या नाहीत हेही तितकेच बरोबर आहे. हे औषध जीवाणूंविरुद्धच्या कामाखेरीज एमएमपीलाही रोखते. २० मिलिग्रॅमच्या, म्हणजे जीवाणूंवर परिणाम होणार नाही इतक्या कमी मात्रेत, दिवसातून दोनदा, हिरड्यांच्या आजारासाठी त्याला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ती मान्यता हिरड्यांपुरती आहे, उन्हाने येणाऱ्या सुरकुत्यांसाठी नाही. लेप्टोच्या प्रतिबंधासाठी भातशेतीच्या दिवसांत जी मात्रा देतात, ती आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे हिशेबच वेगळा. आणि यातली खरी गंमत अशी की डॉक्सीसायक्लिनने त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. ते घेऊन दुपारभर खळ्यात बसलात तर एरवी न भाजणारा चेहरा आणि हाताचे पंजे भाजल्यासारखे लाल होऊ शकतात. घरात उरलेल्या गोळ्या मनाने कोणीही घेऊ नयेत. लावणीच्या दिवसांत आरोग्य सेविका सांगतील तेव्हा आणि तेवढ्याच त्या घ्याव्यात, आणि चिखलात काम केल्यानंतर ताप, अंगदुखी किंवा डोळ्यांत लाली आली तर घरच्या गोळीवर न विसंबता आरोग्य केंद्र गाठावे.

आता तुमच्या डागांकडे वळू, कारण पत्र वाचताना मला सुरकुत्यांपेक्षा त्यांचीच काळजी जास्त वाटली. दोन्ही गालांवर आणि कपाळावर सारखे उमटणारे काळपट डाग म्हणजे बहुधा वांग. वांग ही एमएमपीची करणी नाहीच. तिथे टायरोसिनेज नावाचे वेगळे एन्झाइम काम करते. त्याच्या गाभ्याशी जस्ताऐवजी तांबे असते आणि त्याचे काम मेलॅनिन बनवण्याचे. म्हणजे भाचीने सुचवलेले सीरम जाहिरातीतल्या शब्दाला शब्द खरे ठरले, तरी तुमच्या डागांना ते हात लावणार नाही. टायरोसिनेजला रोखणारी औषधे निराळी आहेत : कोजिक आम्ल, आर्ब्युटिन, अझेलिक आम्ल, हायड्रोक्विनोन. यातले कोणते आणि किती दिवस, हे डाग किती खोल आहेत ते पाहून ठरवायचे असते. वांगेत उन्हाबरोबर संप्रेरकांचाही हात असतो. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेत असाल किंवा थायरॉइडचा त्रास असेल, तर डॉक्टरांना ते आपण होऊन सांगा.

मानेबद्दलही एक खुलासा हवा. राठ कातडी फक्त पदराबाहेर, उघड्या भागावर असेल आणि ब्लाउजच्या कडेशी ती स्पष्ट थांबत असेल, तर ते उन्हाचे काम. पण मानेच्या घड्यांत ती काळी, जाडसर आणि मखमलीसारखी लागत असेल आणि काखेतही तसेच दिसत असेल, तर उन्हाला दोष न देता एकदा रक्तातली साखर तपासून घ्या. ती खूण मधुमेहाच्या वाटेवरची असू शकते आणि कोणत्याही मलमाने जात नाही.

मग करायचे काय? किरण आत शिरू न देणे हा सर्वांत भरवशाचा एन्झाइम-रोधक आहे, आणि त्याला माणसांवरचा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर या गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ प्रौढांवर १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले आणि बाकीच्यांना त्यांच्या मर्जीवर सोडले. साडेचार वर्षांनी हातांच्या पाठीच्या त्वचेचे ठसे तपासले, तेव्हा रोज लावणाऱ्यांत त्वचेचे वय मोजता येण्याइतके वाढल्याचे आढळले नाही आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्यातली वाढ २४ टक्क्यांनी कमी निघाली. त्याच अभ्यासात बीटा-कॅरोटिनच्या गोळ्याही दिल्या होत्या; त्यांचा काही उपयोग दिसला नाही. ते सनस्क्रीनही फार भारी नव्हते, एसपीएफ (ऊन अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) १६ चे होते.

तुम्ही एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक आणि ‘यूव्हीए’ या खोलवर जाणाऱ्या अतिनील किरणांपासूनही संरक्षण देणारे साधे सनस्क्रीन घ्या. वांगेसाठी त्यातही रंगाची झाक असलेले, आयर्न ऑक्साइड घातलेले सनस्क्रीन अधिक चांगले, कारण वांग साध्या दृश्य प्रकाशानेही वाढते आणि पांढरे सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. चेहरा आणि मान मिळून साधारण चहाचा चमचाभर लागते. बोटाच्या टोकावर घेऊन पुसल्यासारखे लावले तर बाटलीवरचा आकडा बाटलीवरच राहतो. आपल्या दमट हवेत घामाने ते निघून जाते, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावायला हवे. रोजच्या कामात हे जमणार नाही हे मला ठाऊक आहे. त्यामुळे माझा अधिक भर सावलीवर आणि कपड्यावर राहील.

ऊन आमसुलाला हवे असते, तुम्हाला नव्हे. रातांबे (कोकमाची फळे) फोडणे, बिया काढणे, साली रसात बुडवून पुट देणे ही सगळी कामे मांडवाखाली करता येतात. उन्हात फक्त पसरायला आणि परतायला जायचे. खळ्याच्या एका कडेला झावळ्यांचा दाट मांडव घातलात तर गटातल्या सगळ्यांचीच सोय होईल, आणि माझ्या मते त्या सीरमच्या दोन-तीन बाटल्यांच्या पैशांचा यापेक्षा चांगला उपयोग नाही. पसरण्याचे काम सकाळी १०च्या आत आणि परतण्याचे दुपारी ४ नंतर ठेवता आले तर उत्तम, कारण दिवसभरातल्या अतिनील किरणांचा मोठा वाटा सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत येतो. रुंद काठाची टोपी आणि घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. पातळ ओढणीतून पुष्कळसे किरण आत येतात. समुद्राकाठी मासळी सुकवणाऱ्या बायकांनी हेही ध्यानात घ्यावे की कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरण वर परतवते, त्यामुळे टोपीखालचा चेहराही पूर्ण सुटत नाही.

पावसाळ्यात ऊन नसते, ही समजूतही सोडा. आपल्या किनाऱ्यावर सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, एकदा मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या खेपेला तो ढगांमागे असतो म्हणून जाणवत नाही. काळेकुट्ट ढग किरण बरेच अडवतात, पण पावसाने उघडीप दिल्यावरच्या पांढुरक्या, पातळ ढगांतून ते भरपूर खाली येतात. वाकून लावणी करताना मानेची मागची बाजू तासन्‌तास त्यांना उघडी पडते. पूर्वीचे इरले पावसाबरोबर या किरणांनाही अडवत असे. आताच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर तेवढा भरवसा ठेवू नये.

सासूबाईंच्या मुठेलाचा मान राखावा. कोकमाच्या बियांचे ते तेल भेगाळलेल्या टाचांना, फुटलेल्या ओठांना आणि कोरड्या हातांना फार चांगले. त्वचेतला ओलावा ते टिकवते. ट्रेटिनॉइनने पुढे कोरडेपणा आला तर मान आणि हातांवर रात्री ते जरूर लावा. चेहऱ्यावर मुरूम येत असतील तर मात्र जपून. उन्हाला ते अडवत नाही, म्हणून सनस्क्रीनच्या जागी चालणार नाही. भाचीच्या वाचनात कोकमातल्या हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाचा उल्लेखही कधीतरी येईल. ते आम्ल एक एन्झाइम रोखते खरे, पण ते एन्झाइम चरबी तयार करण्याच्या कामातले आहे आणि कोलॅजनशी त्याचा संबंध नाही. सोलकढी चवीसाठी प्यावी.

मुलीला कोणतेही सीरम, कोणतेही ‘अँटी-एजिंग’ मलम लावू नका. या वयात तिचे कोलॅजन भरपूर आहे आणि अशा मलमांनी नाजूक त्वचा चिडण्याचाच संभव जास्त. मैदानावर जाताना टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चेहऱ्याला सनस्क्रीन एवढे पुरे. तिला मुरूम असतील आणि त्यासाठी डॉक्टरांनी ट्रेटिनॉइन दिले, तर घाबरू नका. त्या वयात ते मुरुमांसाठीच देतात. ती ट्यूब तुम्ही दोघींनी वाटून मात्र घेऊ नये, कारण तिची मात्रा तिच्या त्वचेसाठी ठरवलेली असेल, आणि तुमच्या वांगेवर ती तशीच लावली तर आधी सांगितलेला आगीचा डाग पडण्याचा धोका तुम्हालाच आहे.